लवकर शिकणारा मेंदू

शाळेतल्या एखाद्या मुलाच्या दप्तरात वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडतो, किंवा सहलीला गेलेल्या मुलांच्या खोलीतून दारूची बाटली निघते, की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. पालकांना बोलावणं जातं. मुलाला काही दिवस घरी बसवलं जातं, नाहीतर सरळ दाखला हातात ठेवला जातो. उरलेल्या मुलांना सभागृहात जमवून व्याख्यान होतं, पडद्यावर काळवंडलेलं फुप्फुस दिसतं, हात पुढे करून शपथ घेतली जाते. अलीकडे या व्याख्यानांत एक स्लाइड हमखास असते. मेंदूचं रंगीत चित्र आणि त्याखाली ओळ : ‘पंचविसाव्या वर्षापर्यंत मेंदू पूर्ण तयार होत नाही.’ त्यातून मुलांनी घ्यायचा बोध असा, की तुम्ही अजून कच्चे आहात, तेव्हा आमचं मुकाट ऐका.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किशोरवयीन मेंदूबद्दल जे कळलं आहे ते नीट वाचलं, तर बोट मुलांकडे न वळता आपल्या मोठ्यांकडे वळतं. मुलांना धोका माहीत नसतो म्हणून ती व्यसनाच्या वाटेला जातात, हे आपलं गृहीतकच टिकत नाही. जो पैसा, वेळ आणि संताप आपण मुलांना समजावण्यात आणि शिक्षा करण्यात घालवतो, तो ती वस्तू त्यांच्या हाती किती सहज, किती स्वस्तात आणि किती कमी वयात पडते या प्रश्नावर खर्च व्हायला हवा. सध्या चाललंय ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या थाटाचं.

आधी मेंदूचं पाहू. १९७९ साली पीटर हटनलोकर या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या वयांत मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून चेतापेशींमधले जोड मोजले. वर्षा-दोन वर्षांच्या बाळाच्या मेंदूत हे जोड प्रौढांपेक्षा कितीतरी दाट असतात आणि पुढे किशोरवय सरेपर्यंत ते कमी कमी होत जातात, असं त्याला आढळलं. वाढणाऱ्या मेंदूत जोड वाढतच जात असतील अशी आपली भाबडी समजूत. प्रत्यक्षात वाढीचा मोठा भाग छाटणीचा असतो. जे जोड वारंवार वापरले जातात ते टिकतात, बाकीचे गळतात. टिकलेल्या तंतूंवर चरबीयुक्त आवरण चढतं आणि त्यांतून जाणारे संदेश कित्येक पटींनी वेगवान होतात.

नव्वदच्या दशकात जिवंत, निरोगी मुलांचे मेंदू एमआरआयने पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशी आणि त्यांचे जोड असलेला थर, अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतं आणि त्यानंतर घटू लागतं. २००४ च्या पुढच्या अभ्यासात या बदलाचा क्रमही दिसला. स्पर्श, दृष्टी, हालचाल सांभाळणारे भाग आधी पक्के होतात. बेत आखणं, मोह आवरणं, दूरचा परिणाम डोळ्यांसमोर ठेवणं ही कामं ज्याच्याकडे आहेत तो कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स शेवटच्या रांगेत.

मग ते पंचवीस वर्षांचं काय? पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत कसलंही बटण दाबलं जात नाही. बदल हळूहळू होतात, माणसागणिक वेगळे होतात आणि तिशीकडेही चालू असतात. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांतली मुलं विशीच्या आसपासच थांबत होती, आणि त्या पलीकडचा गोल आकडा लोकांच्या तोंडी बसला. तो मुलांपुढे आपटण्यात मला दुहेरी तोटा दिसतो. एक तर ते शास्त्र म्हणून ढोबळ आहे. दुसरं म्हणजे, किशोरवयीन मेंदू हा प्रौढ मेंदूची अर्धवट भाजलेली आवृत्ती आहे असा समज त्यातून पसरतो. हा मेंदू त्या वयाच्या कामासाठी उत्तम तयार असतो. घराबाहेर पडायचं, नवं करून पाहायचं, बरोबरीच्यांत आपली जागा मिळवायची, हे त्या वयाचं काम. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : नव्याची ओढ आणि झपाट्याने शिकण्याची ताकद. दोन्ही त्याच्याकडे भरपूर असतात, आणि व्यसनाचा धोका नेमका तिथेच आहे.

नव्याच्या ओढीमागे मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा आहे. तिचा शोध जवळजवळ अपघाताने लागला. १९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि एक दांडी अशी जोडली, की उंदराने ती दाबली की त्याच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श व्हावा. तार ठरावीक जागी असली तर उंदीर दुसरं काही न करता दांडीच दाबत बसत, तासाला शेकडो वेळा. पुढे या मार्गावरचा मुख्य निरोप्या डोपामिन असल्याचं कळलं. डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं वर्तमानपत्री वर्णन नेहमी वाचायला मिळतं, पण त्याचं काम वेगळं आहे. नव्वदच्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत डोपामिनच्या पेशी अनपेक्षित गोड रस मिळाला की उसळत. काही दिवसांनी रस येण्याआधी जो दिवा लागे, त्या दिव्यालाच त्या उसळू लागल्या आणि रस मिळताना गप्प राहिल्या. अपेक्षेपेक्षा चांगलं काही घडलं, ते कशामुळे घडलं हे लक्षात ठेव, पुन्हा तिकडे वळ : डोपामिनचा निरोप हा असा असतो. तो शिकवण्याचा निरोप आहे.

निकोटिन, दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ यांचे मार्ग निरनिराळे असले तरी सगळे अखेर या निरोपाची बनावट प्रत काढतात. सिगारेटचा झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि ॲसिटिलकोलिन या आपल्याच रसायनासाठी पेशींवर असलेल्या जागांवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतं. डोपामिन उसळतं. प्रत्यक्षात काहीही चांगलं घडलेलं नसतं, पण मेंदूची नोंदवही ते जाणत नाही. ती नोंद करते : ही जागा, हे मित्र, हा वास, ही वेळ महत्त्वाची. एका सिगारेटीत दहा-बारा झुरके, म्हणजे दहा-बारा वेळा गिरवलेला धडा. शाळेतला कुठलाही शिक्षक एवढ्या थोड्या वेळात एवढ्या चोख उजळण्या करून घेत नाही. आणि हा धडा मिळतो आहे तो जोडांची छाटणी जोरात चालू असलेल्या, काय ठेवायचं नि काय टाकायचं हे वापरावरून ठरवणाऱ्या मेंदूला.

मोटारीला ॲक्सिलरेटर आहे पण ब्रेक नाही, ही उपमा किशोरवयाबद्दल इतक्यांदा दिली जाते, की ती आता पुरे झाली. तिच्यात शिकण्याचा मुद्दाच सुटतो. सोळा वर्षांच्या मुलीला नवी भाषा, नवं वाद्य, नवा खेळ तिच्या आईपेक्षा लवकर येतो. ज्या पेशीय यंत्रणेमुळे हे जमतं तीच व्यसनालाही वापरली जाते, वेगळी नाही. म्हणून या वयात व्यसनही लवकर ‘येतं’.

किती लवकर, याची कल्पना जोसेफ डीफ्रँझा यांच्या पाहणीने दिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मॅसॅच्युसेट्समधल्या सातवीच्या मुलांशी वरचेवर बोलून नोंदी ठेवल्या होत्या. रोज ओढू लागल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी माणूस निकोटिनच्या कह्यात जातो, असं तोवर मानलं जाई. या पाहणीत कधीमधीच ओढणाऱ्या ९५ मुलांपैकी ६० जणांत अवलंबित्वाचं एक तरी लक्षण आढळलं : ओढण्याची तीव्र इच्छा, न मिळाल्यास चिडचिड, सोडायचा प्रयत्न करून फसणं. काहींना तर महिन्याला एखादी सिगारेट सुरू केल्यापासून चार आठवड्यांतच हे जाणवू लागलं होतं. ‘मी काय रोज ओढतो का’ हे मुलांचं उत्तर त्यांच्या दृष्टीने प्रामाणिक असतं. मेंदूने मात्र रोजच्या सवयीची वाट पाहिलेली नसते.

दारूची गोष्ट जास्त कपटी आहे. दारू चढली की मोठ्या माणसाचा तोल जातो, झोप येते, पुरे वाटतं. हा शरीराने दिलेला इशारा. किशोरवयीन उंदरांवरच्या प्रयोगांत हा इशारा फिका असल्याचं वारंवार दिसलं आहे. तेवढ्याच दारूने ते प्रौढ उंदरांइतके झिंगत नाहीत, पेंगत नाहीत. स्मरणाचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर मात्र तिचा परिणाम त्यांच्यात अधिक होतो. म्हणजे थांबवणारी खूण कमी आणि नुकसान जास्त. टोळक्यात ‘याला चढतच नाही’ म्हणून ज्याची पाठ थोपटली जाते, त्याच्याबाबतीत खरं तर जास्त काळजी वाटायला हवी.

आता आकडे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल सरकारच्या वतीने बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टरांच्या, २०१२ च्या अहवालानुसार रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट अठरा वर्षांचे होईपर्यंत ओढलेली होती. १९९७ मध्ये ग्रँट आणि डॉसन यांनी दारू पिणाऱ्या २७ हजारांहून अधिक अमेरिकनांची माहिती तपासली. चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के. गांजा ओढून पाहणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के लोक त्यात अडकतात असा अंदाज आहे, आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांत तो सहातल्या एकावर जातो.

इथे चोखंदळ वाचक अडवेल, आणि त्याने अडवायलाच हवं. चौदाव्या वर्षी पिणारं मूल आणि वीस वर्षांपर्यंत न पिणारं मूल यांत फक्त वयाचाच फरक असतो का? पहिल्याच्या घरी भांडणं असतील, शाळेत मन लागत नसेल, स्वभाव उतावळा असेल, आईवडिलांपैकी कुणी पीत असेल. मग दारूमुळे मेंदू बदलला, की मुळात वेगळ्या मेंदूचं मूल दारूकडे लवकर गेलं? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. किशोरवयात गांजा सुरू करून तो वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यांक अडतिशीपर्यंत सुमारे आठ गुणांनी घसरल्याचं त्यातून २०१२ मध्ये जाहीर झालं आणि जगभर मथळे झळकले. वर्षभरातच सामाजिक-आर्थिक परिस्थितीचा हिशेब नीट धरलेला नाही असा आक्षेप आला. २०१६ मध्ये जुळ्या भावंडांच्या तुलनेत, गांजा ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यांच्या घसरणीत लक्षणीय फरक सापडला नाही. २०२४ मध्ये तर सुमारे दहा हजार मुलांच्या मेंदूचित्रांवरून असं दिसलं, की लवकर नशा करू लागणाऱ्या मुलांच्या मेंदूरचनेतले बरेच फरक पहिल्या घोटाच्या किंवा झुरक्याच्या आधीपासूनच होते.

माझ्या मते याने मूळ मुद्दा खचत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोणाला निकोटिन द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवता येतं, तिथे घरच्या भांडणांचा प्रश्न येत नाही, आणि तिथेही कमी वयातला परिणाम वेगळा दिसतो. पण या वादातून दोन गोष्टी घ्याव्यात. अतिशयोक्ती बंद करावी. ‘एकदा ओढलीस की मेंदू संपला’ असं सांगणाऱ्या माणसावरचा विश्वास मुलगा वर्गातला गांजा ओढणारा हुशार मित्र पाहून त्याच दिवशी काढून घेतो, आणि मग खऱ्या धोक्याबद्दलही त्याचं ऐकत नाही. दुसरी गोष्ट : लवकर व्यसनाकडे जाणारं मूल पुष्कळदा आधीपासूनच अडचणीत असतं. ते ओळखू येण्याजोगं असतं. त्याला आणखी ढकलून द्यायचं की सावरायचं, हा निर्णय मोठ्यांच्या हातात आहे.

आता समजावण्याकडे येऊ. पंधरा-सोळाच्या मुलामुलींना शांतपणे बसवून एखादा प्रश्न सोडवायला दिला, फायदे-तोटे मांडायला सांगितले, तर ती जवळपास मोठ्यांइतकंच बरं काम करतात. टेम्पल विद्यापीठातल्या लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या अभ्यासांतून हे पुरेसं स्पष्ट झालं आहे. किशोरांना वाटतं आपल्याला काही होणार नाही, ही समजूतही खरी नाही. अनेक धोके, उदाहरणार्थ सिगारेटने होणाऱ्या कर्करोगाचा, ती प्रत्यक्षाहून मोठे मानतात. म्हणजे माहिती आहे, भीतीही आहे. तरी घडायचं ते घडतं.

का घडतं, ते स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांच्या २००५ च्या प्रयोगात जवळून पाहायला मिळतं. संगणकावर मोटार चालवायची. दिवा पिवळा होतो. पुढे गेलं तर गुण वाढतात, पण लाल झाला आणि समोर भिंत आली तर सगळे गेले. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी खेळताना मोठ्यांपेक्षा फारसा जास्त धोका पत्करत नव्हती. मग त्यांचे दोन मित्र शेजारी उभे केले. तीच मुलं, तोच खेळ, तेच नियम, आणि त्यांचं धाडस एकदम वाढलं. चोवीसच्या पुढच्या लोकांना मित्र शेजारी असल्या-नसल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये असाच खेळ मेंदूचं चित्रण चालू असताना खेळवला. मित्र बघताहेत एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जास्त पेटत होती. मित्रांनी चिथावलं असं नाही.

सभागृहातल्या व्याख्यानाचं काय होतं ते यातून उमजतं. व्याख्यान ऐकणारा मुलगा एकटा असतो, निवांत असतो आणि आपलं म्हणणं त्याला पटतंही. वेप हातात येतो तेव्हा तो निवांत नसतो आणि एकटा तर मुळीच नसतो. सकाळच्या माणसाला शिकवलेलं रात्रीच्या माणसाला उपयोगी पडत नाही. मोठ्यांनाही हा अनुभव अगदीच परका नसावा.

या मार्गावर पैसा ओतून झाला आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या ‘डेअर’ कार्यक्रमात गणवेशातले पोलीस वर्गावर जाऊन नशेचे धोके शिकवत. पालक खूश, शाळा खूश, पोलीस खूश. एकामागून एक मूल्यमापनांनी दाखवलं, की मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकणारा परिणाम जवळपास नाही. अखेर त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. १९९८ ते २००४ दरम्यान अमेरिकी सरकारने जवळपास एक अब्ज डॉलर खर्चून नशाविरोधी जाहिरातींची मोहीम राबवली. सरकारनेच करवलेल्या मूल्यमापनाचा निष्कर्ष : उपयोग नाही, आणि गांजाच्या बाबतीत उलटा परिणाम झाल्याच्या खुणा. जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांना वाटू लागलं, एवढा गाजावाजा आहे त्याअर्थी सगळेच ओढत असणार.

मुलांचं मन खरं ओळखलं ते विकणाऱ्यांनी. १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या खटल्यांमुळे आणि समझोत्यामुळे तंबाखू कंपन्यांचे लक्षावधी अंतर्गत कागद खुले झाले. त्यांत फिलिप मॉरिसचा १९८१ चा एक अहवाल आहे. आजचा किशोर हा उद्याचा संभाव्य नियमित ग्राहक आहे आणि बहुसंख्य लोक किशोरवयातच सिगारेट सुरू करतात, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. मेंदूचं एकही चित्र न काढता त्यांनी ग्रँट आणि डॉसन यांच्या सोळा वर्षं आधी सुरुवातीच्या वयाचं महत्त्व ओळखलं होतं. ‘कॅमल’ सिगारेटच्या जाहिरातीतला गॉगल लावलेला कार्टून उंट १९९१ च्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या ९१ टक्के मुलांनी सिगारेटशी बरोबर जोडला. मिकी माउस त्यांना जेवढा ओळखीचा, जवळपास तेवढाच.

पुढचा अध्याय रसायनशास्त्रातला. जास्त निकोटिनची वाफ घशाला झोंबते, म्हणून नवखा खोकून सोडून देतो. निसर्गाने ठेवलेला तेवढा एक अडसर. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’ या ई-सिगारेटने निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन तो काढून टाकला. झोंबणं कमी, मात्रा मोठी, वर आंब्याचा आणि पुदिन्याचा स्वाद, आणि आकार पेन ड्राइव्हसारखा. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांत महिन्याभरात ई-सिगारेट वापरल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होतं, ते २०१९ मध्ये २७.५ वर गेलं. त्या दोन वर्षांत मुलांचे मेंदू बदलले नव्हते, त्यांचं ज्ञान कमी झालं नव्हतं, संस्कारही एकाएकी ढासळले नव्हते. बदलली होती ती वस्तू. नंतर स्वादांवर निर्बंध आले, विक्रीचं वय देशभर एकवीस झालं, खटले उभे राहिले, मधे साथीने शाळाही बंद पडल्या. २०२४ मध्ये तोच आकडा ७.८ टक्के होता. यातलं कशाचं श्रेय किती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण शपथांना त्यात वाटा मिळणार नाही.

प्रचाराने काहीच होत नाही असंही नाही. २००० मध्ये अमेरिकेत देशभर सुरू झालेल्या ‘ट्रूथ’ मोहिमेने आजारांची यादी बाजूला ठेवली आणि कंपन्या तुम्हाला कसं बनवतात एवढंच मुलांना दाखवलं. त्या काळात किशोरांमधलं धूम्रपान जेवढं घटलं, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा या मोहिमेमुळे असावा असा अंदाज संशोधकांनी काढला. कुणाच्या हातचं बाहुलं व्हायचं नाही हा या वयाचा बाणा. आधीच्या सरकारी मोहिमेने त्याच्याशी भांडण काढलं, ‘ट्रूथ’ने त्यालाच कामाला लावलं.

आइसलँडचं उदाहरण हल्ली सगळेच देतात, आणि ते द्यावं असं आहेच. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्याभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ वर आली. त्यांनी तंबाखू अठराच्या आत आणि दारू वीसच्या आत मिळणार नाही हे कडकपणे पाळलं, दोन्हींच्या जाहिराती बंद केल्या, शाळा सुटल्यानंतरच्या वेळासाठी खेळ, संगीत, नृत्य यांवर सरकारी पैसा ओतला, आणि पालकांना गावोगाव संघटित केलं. रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांनी एकटं बाहेर हिंडायचं नाही हा तिथला नियम. तो मला स्वतःला फारसा रुचत नाही, आणि तीन-चार लाख वस्तीच्या श्रीमंत देशाचं सगळं अन्यत्र जसंच्या तसं लागू होईल असंही नाही. पण नव्याची ओढ दाबायची नाही, तिला दुसरीकडे खाद्य द्यायचं, आणि नशेची वस्तू हाताला लागायला अवघड करायची, ही जोडी मेंदूशास्त्राशी तंतोतंत जुळते.

यावर नेहमीचे आक्षेप आहेत. बंदी घातली की आकर्षण वाढतं, हा पहिला. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम गावाने २००५ मध्ये तंबाखू विक्रीचं वय एकवीस केलं. शेजारच्या गावांत ते अठराच होतं, म्हणजे मुलांना वेशीपलीकडे जाऊन आणता आली असती. तरी २००६ ते २०१० दरम्यान नीडहॅमच्या हायस्कूलमधलं धूम्रपान १३ टक्क्यांवरून ७ वर आलं. आसपासच्या गावांतही ते घटलं, पण १५ वरून १२ वर. पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट देतो तो बहुधा अठरा वर्षांचा मित्र, एकवीस वर्षांचा नव्हे. वय वाढवलं की ही साखळी तुटते.

दुसरा आक्षेप घरातून येतो : चोरून प्यायल्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेतलेली बरी. ऐकायला समंजस वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या १,९२७ मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या समंजसपणाचा संरक्षक परिणाम काही सापडला नाही. आईवडिलांनी दिलेली मुलं बाहेरूनही जास्त मिळवत होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. सोळाव्या-अठराव्या वर्षी मतदान करू द्यायचं, आणि सिगारेट मात्र एकविसाव्या वर्षी? एकदा काय ते ठरवा! पण निवांतपणी घेतलेला निर्णय आणि टोळक्यात क्षणार्धात घेतलेला निर्णय यांची परिपक्वता एकाच वयात येत नाही. मत द्यायला महिनाभर विचार करता येतो, मतपेटीपाशी मित्र खांद्यावरून डोकावत नसतात. दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी वयं ठेवण्यात विसंगती नाही. शिवाय हा निर्बंध विकणाऱ्यावर असावा, शिक्षाही त्यालाच व्हावी. बाळगणाऱ्या मुलाला गुन्हेगार ठरवणारे नियम ही या धोरणाची नासाडी आहे.

आता वस्तूसकट सापडलेलं मूल. इथेच आपण सगळ्यात वाईट वागतो. शाळेतून काढलेल्या मुलाचा दिवस रिकामा होतो, न ओढणारे मित्र तुटतात, आणि दुपारी मोकळी असलेली थोडी मोठी, ओढणारी मुलं तेवढी उरतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कृतिगटाने २००८ मध्ये ‘शून्य सहनशीलता’ धोरणांचा, म्हणजे पहिल्याच चुकीला कडक शिक्षा देण्याचा, आढावा घेऊन सांगितलं, की त्यांनी शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही. सरसकट लघवी-तपासणीलाही तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये विरोध नोंदवला. जो मेंदू व्यसन चटकन शिकतो तो त्यातून बाहेर पडायलाही शिकू शकतो, आणि त्यासाठी त्याला हवं असतं ते नेमकं आपण हिरावून घेतो : रोजची शाळा, ओळखीचे शिक्षक, करायला काहीतरी.

निकोटिन थांबवल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, आणि त्रास दोन ते चार आठवडे रेंगाळतो. झोप उडते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, भूक वाढते, एका जागी बसवत नाही. वर्गात हेच सगळं उद्धटपणासारखं दिसतं. दंडाची पावती फाडलेला, पालकांसमोर उभा केलेला आणि खरोखरच सोडायला निघालेला मुलगा त्या आठवड्यांत शिक्षकांना उलटून बोलतो, गृहपाठ करत नाही, मधेच वर्गातून उठून जातो, आणि दुसऱ्यांदा मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो. त्या टेबलापलीकडच्या माणसाला हा त्रास ओळखता येत असेल, त्याच्याकडे समुपदेशकाचा फोन नंबर असेल आणि महिनाभर गुण न कापण्याची मुभा असेल, तर मुलाला शाळेतच राहून सोडता येईल. बहुतेक शाळांच्या नियमावलीत दंडाचं कलम असतं. या महिनाभराचं कलम अजून लिहायचं आहे.